पालकाची सही

प्रगतिपुस्तकावर खाली उजवीकडे
ठिपक्यांची एक रेघ असते.
सहावीपासून ती मीच भरते.

अम्माचा अंगठा बाईंनी एकदा
वर्गभर फिरवून दाखवला होता.
त्या रात्री पत्र्याच्या डब्यातून पगारचिठ्ठी काढली,
मागाच्या तेलाचा डाग पडलेली,
आणि तिच्यावरून गिरवत बसले:
म. अं. बोद्दूल.
'म'ची गाठ सुटलेली,
शेवटचा 'ल' पुढे पळणारा,
जणू पाळी सुटलीय आणि माणसाला घर गाठायचंय.

घर नाही, भिवंडी गाठली.
तेव्हा मी सहा वर्षांची.
अम्मा अजून काळे मणी घालते,
कुणी विचारलं तर सांगते, कामावर गेलेत.
अकरा वर्षं एकच पाळी चालू आहे.

शाळेत म्हणतात वडील, घरी नायना.
दोन भाषांचे मिळून दोन शब्द माझ्याकडे,
दोन्ही घडी न मोडलेले.
वापरातली आहे ती फक्त त्यानं आणलेली चादर,
सेकंडचा माल,
मोराच्या एका डोळ्यात धागा चुकलेला.
झोपेत बोट बरोबर तिथं जातं.

आठवीत माझं अक्षर सुधारलं,
माझ्याबरोबर त्याचंही.
गणितात चौतीस पडले तेव्हा
सही जरा दाबून केली, रागावल्यासारखी,
पुढच्या पानावर वळ उमटेपर्यंत.
मग कितीतरी वेळ त्या वळावरून बोट फिरवलं.
कुणीतरी रागावलं होतं मला.
बरं वाटलं.

ट्यूशन सुटते साडेआठला.
अशोक चौकाच्या अलीकडे मेहजबीनचे अब्बू
लूना बंद करून शेंगा सोलत उभे असतात.
मी मुद्दाम तिला चिकटून चालते.
बघणाऱ्याला वाटावं, दोघींना न्यायला आलेत.
आमच्या बोळाशी ते गाडीचं तोंड वळवतात,
माझी कडी वाजेपर्यंत दिवा तसाच.
त्या उजेडात माझी सावली
माझ्याआधी दारात पोचते,
उंच, बाप्याएवढी.
आत गेल्यावर मी अम्माशी उगाच भांडते.

अम्माच्या मांडीवर सूप, सुपात पानं, कात्री, तंबाखू.
दिवसाला हजार विड्या.
कारखान्यात बाबू मूठभर छाट काढतो,
ती ब्र काढत नाही.
घरी येऊन माझी छाट काढते:
ओढणी कुठंय, केस का मोकळे,
कुणाकडं बघून हसलीस?
ओरडायचंही तिलाच, जवळ घ्यायचंही तिलाच.
दुसऱ्याला पोचेपर्यंत तिचा डोळा लागतो.

कारखानदाराचा एक पुतण्या होता.
बुलेट थांबवून म्हणाला, जेवलीस का?
तीन रात्री मी झोपले नाही.
त्याचा चेहरा आता आठवत नाही.
प्रश्न आठवतो.

यंदा एप्रिलात खोली अम्माच्या नावावर करायची निघाली.
मामा भिवंडीला जाऊन कागदावर त्याची सही घेऊन आला.
कसा आहे, मी विचारलं नाही.
मामा म्हणाला, चष्मा लागलाय. एवढंच.

कचेरीतल्या माणसानं फाईल उघडली.
आत दोन वर्षांपूर्वीचा अर्ज,
त्यावर मल्लेशम अंबय्या बोद्दूल, वळणदार,
माझ्या हातचा.
शेजारी आजचा कागद ठेवला,
पेन्सिलीचं टोक दोन्हींवरून फिरवलं,
आणि मामानं आणलेल्यावर टेकवलं.
'ही जुळत नाही,' म्हणाला,
'खरी सही घेऊन या.'

अम्मा माझ्याकडं बघत राहिली.
पंखा होता, वारा नव्हता.
मी दोन्ही कागद बघून घेतले, नीट,
कुणी गाठोडं हातात दिल्यावर वजन बघतात तसे.
मग म्हणाले, कोरा अर्ज द्या. उद्या आणते.

बाहेर पायऱ्यांवर सोलापूरचं ऊन,
दगडावर हात टेकवेना.
अम्मा पाणी आणायला गेली.
मी मांडीवर बोटानं गिरवून पाहिला
तो त्याचा आताचा 'ल',
मध्येच थांबलेला,
थोडा थरथरणारा,
कुठंच न पळणारा.
पहिल्यांदा जमला नाही.